बिननंबरचं नाणं

उचगाव, कोल्हापूर
३ नोव्हेंबर २०२५

चि. ऐश्वर्या हिस,
जय जिनेंद्र आणि अनेक आशीर्वाद.

इकडं सगळे ठीक आहेत. आज्जीचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. तुझ्या आईची शुगर काबूत आहे असं ती म्हणते, पण दिवाळीचे लाडू कुणी संपवले ते मला विचारू नकोस. वर्कशॉप चालू आहे. तुमच्याकडची खुशाली कळत असते, म्हणजे तुझी आई गच्चीवर जाऊन फोनवर ओरडत असते आणि मला कान आहेत.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर माझा आवाज चढतो, तू कट करतेस आणि मग दोन-दोन वर्षं निघून जातात. कागदावर आवाज चढत नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, हे पत्र तुझ्या लग्नाबद्दल नाही. त्यावर मला जे बोलायचं होतं ते मी तेव्हा बोललो आणि लग्नाला आलो नाही, विषय संपला. हे पत्र नाण्याबद्दल आहे.

आपलं महावीर जन्मकल्याणकाचं शंभराचं नाणं. तुझ्या लहानपणापासून कपाटात वरच्या कप्प्यात निळ्या डबीत असायचं ते. टांकसाळीकडं पैसे भरून मागवलेला माझा पहिला संच. बाकी नाणी मी नंतर गोळा केली, पण घरी कुणी आलं की आधी मी हे दाखवायचो. "ही झळाळी बघा, अशी दुसऱ्या कुठल्या नाण्याला नाही," असं म्हणायचो. तू मागं उभी राहून माझी नक्कल करायचीस, तेही मला माहीत होतं.

तर झालं काय, गुंडूनं डोकं खाल्लं. गुंडूला तू ओळखतेस, जुनी नाणी-नोटा विकतो तो, जो तुला लहानपणी भोकाचा पैसा द्यायचा. तो म्हणाला, "आण्णा, आता नाणं कोन बघतंय? लोकं नंबर बघत्यात. तुमची नाणी गिरेडिंगला धाडा." म्हणजे काय, तर अमेरिकेत एक कंपनी आहे, मुंबईचा एजंट सगळ्यांची नाणी गोळा करून तिकडं पाठवतो. ते लोक नाणं भिंगाखाली धरतात, सत्तरपैकी मार्क देतात आणि प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून परत धाडतात. वर लेबल, लेबलावर नंबर. या पेटीला म्हणे स्लॅब म्हणायचं. मला आजवर स्लॅब म्हणजे घरावर टाकतात तोच माहीत.

मी गुंडूला तिथंच झाडला. अरे मर्दा, शिवकालातला होन असता तर मला पटलं असतं. खरा का खोटा हे सांगायला कुणीतरी जाणकार पाहिजेच. पण ही कालपरवाची नाणी. सरकारी टांकसाळीतून डबीबंद आली, कुणाच्या खिशात गेली नाहीत, भाजीवालीच्या गल्ल्यात पडली नाहीत. आणि आता अमेरिकेतला माणूस मला सांगणार की नाणं नवीन आहे? नवीन आहेच की! हे सांगायचे परत पैसे? आयुष्यभर मी लेथवर सुट्या भागांचे जॉब कंपन्यांना करून देतोय. तिथला कालचा पोरगा गेज लावून माप बघतो आणि ओकेचा शिक्का मारतो. शिक्क्यानं जॉब चांगला होत नाही गं, तो लेथवरनं उतरतानाच चांगला असतो.

मग पाठवली कशाला, असं तू विचारशील. पाठवली. कारण विचारू नकोस.

परवा सगळी परत आली. गुंडूच्या दुकानात खोकं उघडलं, चारपाच माणसं बसलेली. बाकीच्या नाण्यांना बरे नंबर आले, दोनतीन तर एकोणसत्तर. गुंडू एकेक लेबल वाचायचा आणि माणसं माना डोलवायची. शेवटी महावीरांचं नाणं काढलं. गुंडूनं लेबल आधी जवळ धरलं, मग लांब धरलं. मी म्हटलं, वाच की. तर म्हणतो, "आण्णा, ह्येला नंबरच न्हाय. ह्ये साफ केल्यालं नाणं हाय म्हणत्यात." नंबराच्या जागी तेवढंच छापलंय, साफ केलेलं. घासल्याचे बारीक ओरखडे आहेत, म्हणून मार्क देता येत नाहीत. नापास नाही गं, परीक्षेलाच बसू दिलं नाही!

माझं डोकं असं फिरलं. मी, ज्यानं आयुष्यात नाण्याला बोट लावलं नाही, कडेला धरतो, श्वाससुद्धा बाजूला सोडतो, त्या माझ्या नाण्याला म्हणे घासलंय! गुंडूच्या दुकानातला एक जण हसला. मी त्याला काय बोललो ते इथं लिहीत नाही.

आता मुद्दा. कपाटाच्या दोन किल्ल्या. एक माझ्या कडदोऱ्याला, दुसरी तुला ठाऊक होती, देवघरातल्या पोथीमागं. चौथीत असताना तू शाळेच्या प्रदर्शनासाठी आज्जीचं पितळी निरांजन टूथपेस्टनं घासून चकचकीत केलं होतंस आणि पहिलं बक्षीस आणलं होतंस. पुढं वर्षभर तू घरातली दिसेल ती वस्तू टूथपेस्टनं घासायचीस. तर मला खरं सांग. तू नाण्याला टूथपेस्ट लावलीस का? रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण तुमच्या आजऱ्यापर्यंत ऐकू येणार नाही.

आणखी एक. तुझ्या आईनं सांगितलं की पुढच्या महिन्यात तुमच्याकडं बाळाचं उष्टावण आहे. पहिली खीर मामानं चाटवायची, तुला भाऊ नाही, म्हणून आजोबानं पाटावर बसायचं असं तिनं परस्पर ठरवलंय. वर म्हणाली, "तुमी या न्हायतर घरात बसा, मी जातो." जाऊ दे तिला. मामाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. तिकडं भाऊबंद कमी नसणार, कुणालातरी बसवा. बाळाचं नाव तिनं मला दोनतीनदा सांगितलं, मी ऐकू आलं नाही असं केलं.

उत्तर फक्त नाण्याबद्दल दे.

जयपाल चौगुले


उचगाव, कोल्हापूर
१९ नोव्हेंबर २०२५

चि. ऐश्वर्या हिस,
जय जिनेंद्र. आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठोरं. मी एवढी पानं भरून लिहिलं आणि तू काय लिहिलंस? "आण्णा, मी तुमच्या नाण्याला हात लावलेला नाही, निरांजनाचं बक्षीस मात्र अजून माझ्याकडं आहे. आपल्या घरात भांडी कोण घासतं आणि कशानं घासतं, ते आज्जीला विचारा. पाकिटावर तुम्ही देसाई न लिहिता चौगुले लिहिलंत, आमच्या पोस्टमनदादांना गावभर विचारत फिरावं लागलं. आणि माझ्या नावाआधी सौ. लिहायचं राहिलं."

राहिलं नव्हतं. असो.

आज्जीला विचारलं. ती सोप्यात पावटे सोलत बसली होती. मी स्लॅब तिच्यासमोर धरला आणि म्हटलं, "आई, हे नाणं कुणी घासलंय?" तिनं चष्मा वर केला, पेटी उलटी-सुलटी केली, म्हणाली, "ह्ये भगवंताचं न्हवं? म्याच घासलं की."

म्हणजे नुसतं कबूल नाही, वर तोरा!

मी म्हटलं कधी, कशाला, कशानं. तर जी कथा बाहेर आली ती ऐक. तुझ्या उष्टावणाच्या आदल्या दिवशी पोस्टानं पार्सल आलं. मी शिरोलीला फौंड्रीत कास्टिंग आणायला गेलतो. आज्जीनं सही करून घेतलं आणि उघडलं. बघते तर भगवंताचं नाणं! तिच्या लेखी भगवंत स्वतः नातीच्या उष्टावणाला दारात आले. आपल्याकडं पहिली खीर चांदीच्या रुपयानंच चाटवायची, आणि तिचा जुना रुपया तर नेमका सापडत नव्हता. मग दुसरं काय लागतं?

"मग घासायचं कशाला?" मी ओरडलो. "नवं कोरं होतं ते!"

"नवं कसलं? चामड्याच्या डबीत घालून धाडल्यालं. चामड्यात ठेवल्यालं ओवळं नाणं लेकराच्या तोंडाला लावू व्हय? चिंच लावली, वरनं रांगोळीनं चांगलं खसाखसा घासलं, धा पाण्यानं धुतलं. मग लावलं."

"आई, ते चामडं नव्हतं! रेक्झिन होतं, रेक्झिन!"

"मला काय ठावं तुझं रेक्झिन. वास चामड्याचाच येत हुता."

आता काय करायचं, सांग. टांकसाळीनं नाणं डबीत घालून दिलं, आणि अख्ख्या देशात फक्त आपल्याच घरात कुणाला तरी वाटलं की डबी चामड्याची आहे. आणि रांगोळीनं घासलं! रांगोळी म्हणजे दगडाचा भुगा गं. मी लेथवर पॉलिश पेपर लावतो त्याच्यापेक्षा खरखरीत. ओरखडे येतील नाहीतर काय होईल? उष्टावण झाल्यावर तिनं नाणं पुसून डबीत ठेवलं, डबी पार्सलात, पार्सल माझ्या टेबलावर. सगळी पाहुणेमंडळी गेल्यावर मी उघडलं आणि बघतो तर काय, काय ती झळाळी! म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना जी दाखवत होतो ती टांकसाळीची झळाळी नव्हतीच. आज्जीच्या चिंचेची होती. गुंडूला हे कळलं तर तो दुकानावर पाटी लावेल.

मी तासभर तरी बडबड करत होतो. आज्जी ऐकत होती, पावटे सोलत होती. शेवटी म्हणाली, "तुझ्या नाण्याला नंबर न्हाय मिळाला. माझ्या नातीला एक तरी दुखणं आलं का त्या खिरीनं?"

आता गुंडूचं ऐक, म्हणजे तुला कळेल माझं डोकं का फिरलंय. माझं एकोणसत्तर नंबराचं एक नाणं त्यानं चेन्नईच्या माणसाला विकून दिलं. फोनवर. त्या माणसानं फोटो मागितला. गुंडूनं नाण्याचा पाठवला. तर तो म्हणतो, नाण्याचा नको, लेबलाचा पाठवा! नाणं बघितलंच नाही! तसलंच दुसरं नाणं, त्याच वर्षाचं, त्याच टांकसाळीचं, बिनपेटीचं, गुंडूच्या काचेत दोन वर्षं पडून आहे, त्याला कुत्रं विचारत नाही. दोन्ही शेजारी ठेवली तर मला फरक सांगता येणार नाही आणि त्या चेन्नईवाल्याच्या बापालाही येणार नाही. मग वाढलं काय? नाणं वाढलं का? प्लास्टिक वाढलं!

मी गुंडूला हेच म्हटलं. तर तो म्हणतो, "आण्णा, चेन्नईचा मानूस तुमाला वळखतोय व्हय? त्येचा तुमच्यावर भरवसा न्हाय, लेबलावर हाय. अनोळख्याला लेबलच लागतंय." हे मात्र बरोबर बोलला तो. मला पटलं, तरी मी त्याला तसं सांगितलं नाही.

रात्री जेवताना मी हे सगळं तुझ्या आईपुढं काढलं. म्हटलं, बघ काय लोक आहेत, वस्तू न बघता लेबल वाचून मोकळे. ती भाकरी वाढत होती. म्हणाली, "त्यात काय नवल? तुमी पण लेबलच वाचलासा की. देसाई, आपल्यातलं न्हाय, एवढं वाचलं आणि पेटी बंद. पोरगं कसं हाय, एकदा तरी बघितलासा?"

मी ताट पुढं ओढलं. विषय नाण्याचा चालला होता.

मग ती उठली आणि कपाटातनं जुना अल्बम घेऊन आली. तुझ्या उष्टावणाचे फोटो. म्हणाली, "पुरावा पायजे हुता न्हवं, घ्या पुरावा." पहिल्या फोटोत अनेकांतमामा तुला मांडीवर घेऊन बसलाय आणि तू त्याची मिशी ओढतेयस. पुढं एकेक जण चाटवतोय, आज्जी, तुझी आई, शेजारच्या चिमणाबाई. मी भिंग घेऊन बघत होतो. नाणं ओळखू येतंय का, एवढंच मला बघायचं होतं. आणि मग एक फोटो आला. त्यात मी आहे. नाणं माझ्याच हातात आहे. दोन बोटांत, अगदी मधोमध धरलंय, खिरीनं बरबटलेलं, आणि भगवंताची बाजू कॅमेऱ्याकडं आहे. लख्ख दिसतंय. आंधळ्यालाही कळेल ते कुठलं नाणं आहे.

मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटलं आज्जीचा जुना रुपयाच आहे. हातात होतं गं माझ्या. मी नाण्याकडं बघितलंच नाही. फोटोत मी तुझ्या तोंडाकडं बघतोय.

ते बघून मी उठलो आणि वर्कशॉपवर गेलो. लेथ चालू केला. बराच वेळ चालू होता. जॉब लावायचा विसरलो होतो.

तर टूथपेस्टचा आरोप मी मागं घेतो. सध्या एवढंच.

आण्णा


उचगाव, कोल्हापूर
८ डिसेंबर २०२५

चि. सौ. ऐश्वर्या आणि चि. पृथ्वीराज यांस,
जय जिनेंद्र. दोघांनाही आशीर्वाद.

लिहिलं सौ., झालं समाधान? पाकिटावरही देसाई लिहिलंय, पोस्टमनदादांना सांग आता खुशाल झोपा.

तुझं दुसरं पत्र आलं. या वेळी जरा मोठं होतं, पण निम्मं काजूवरच. तुमच्याकडं काजूला नंबर असतात, मोठा गर वेगळा, बारका वेगळा, फुटका तर पार वेगळ्या पोत्यात, आणि नंबर लागला की भाव चढतो, हे मला नव्यानं कळलं. आणि पुढचं वाक्य तू मला डिवचायलाच लिहिलंयस: "पण आण्णा, घरात खीर केली की आम्ही तुकडाच घालतो, अख्खा काजू खिरीत कोण घालतं?" मी हे गुंडूला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पोरगी तुमच्यावर गेलीया." मी म्हटलं, तेवढीच एक चूक तिच्यात आहे.

पत्राच्या खाली वेगळ्या अक्षरात दोन ओळी होत्या. "आण्णा, मामा म्हणून कुणालाही बसवलेलं नाही. पाट रिकामा ठेवू. पृथ्वीराज."

पृथ्वीराजना माझा प्रश्न आहे. रिकामा पाट ठेवू म्हणजे काय? चार पाहुणे जमणार, खीर निवणार, पोरगी भुकेनं रडणार आणि मध्ये एक रिकामा पाट? लोक काय म्हणतील? अशानं माणसाला झोप लागते का? ही काय रीत झाली सासऱ्याशी बोलायची? अक्षर मात्र चांगलं आहे. कबूल.

गुंडूला मी या पाटाचं सांगायला नको होतं. सांगितलं, तर म्हणतो, "आण्णा, तुमी न्हाय गेलासा तर मी बसतो की मामा म्हणून! पोरीला भोकाचा पैसा कुनी दिल्ता? म्याच." आणि तो खरंच बसला असता. नवा शर्टसुद्धा शिवायला टाकला त्यानं. माझ्या नातीला पहिली खीर गुंडू चाटवणार! मी जिवंत असताना!

आता पहिल्या पत्रातलं जे मी विचारू नकोस म्हटलं होतं, ते सांगतो. तू विचारलं नाहीस, म्हणूनच सांगतो. पोरगी झाल्याचं कळलं तेव्हा तुझ्या आईनं मोबाईलवर फोटो दाखवला आणि मी मान फिरवली. फिरवायच्या आधी बघून घेतलं होतं. मग मी गुंडूकडं गेलो आणि म्हटलं, धाड नाणी गिरेडिंगला. बाकीची नुसती सोबतीला होती. मला नंबर पाहिजे होता तो एकाच नाण्याला. वाटलं, महावीरांच्या नाण्याला मोठा नंबर मिळेल, अमेरिकेची मोहोर लागेल, पेटीत बंद होऊन येईल, मग ती पेटी मी कुरियरनं आजऱ्याला पाठवून देईन. बाळासाठी. चिठ्ठीसुद्धा घालायची नव्हती. नंबर बघून तुम्हाला कळलं असतं की आण्णानं हलकं काही पाठवलेलं नाही. मला यावं लागलं नसतं, बोलावं लागलं नसतं, मान खाली घालावी लागली नसती. सगळं त्या नंबरानं सांगितलं असतं.

आणि तोच मेला आला नाही. म्हणून माझा एवढा जळफळाट. नाणं घासलं याचा नव्हता. माझी पळवाट बंद झाली याचा होता. आणि पळवाट बंद केली कुणी, तर तूच, तुझ्या त्या पहिल्या खिरीनं. दात नव्हते तेव्हापासून तू माझ्या वाटेत आडवी येतेयस.

बरं. तर शनिवारी वर्कशॉपवर मी स्लॅब व्हाइसच्या जबड्यात आवळला. गुंडू तिथंच होता. म्हणाला, "आण्णा, काय करतायसा?" मी हॅक्सॉची करवत घेतली. तो किंचाळला, "आवं, पेटी फोडली की परत ते नुसतं नाणं हुतंय! निदान खरं असल्याचा तरी कागद हाय त्येला!" मी म्हटलं, खरं आहे ते मला ठाऊक आहे. लई चिवट प्लास्टिक गं. दोन ब्लेडं मोडली. एवढा मजबूत माल मी कधी कुणाला दिला नाही, याबद्दल त्या कंपनीला शंभरपैकी शंभर. शेवटी छिन्नी लावली आणि पेटी फाटकन उघडली. नाणं घरंगळत लेथखाली गेलं, तेलाच्या चिखलात. मी गुडघ्यावर बसून काढलं. गुंडूनं डोक्याला हात लावला.

घरी आलो तर आज्जी दारातच. नाणं बघितलं आणि म्हणाली, "ह्ये असं तेलकट लेकराच्या तोंडाला लावनार हाईस?" तिनं वाटीत चिंच भिजत घातलेलीच होती. ती आणि तुझी आई आतून सामील आहेत, हे मला आता कळलं.

पण तिचे हात आता थरथरतात. चिंच बोटांतनं सुटायला लागली. मग म्हणाली, "तूच घास." मोरीत मला पाटावर बसवलं आणि वर उभी राहून हुकूम सोडत होती. "असं न्हवं, गोल घास. कडंला घास. भगवंताच्या तोंडावर हळू." मी, जो नाण्यावर श्वास सोडत नाही तो, चिंचेनं नाणं घासत होतो. फक्त रांगोळी घेऊ दिली नाही. एवढं तरी माझं ऐकलं तिनं, तेही भांडणानंतर. धुऊन, पुसून, स्वच्छ फडक्यात बांधून देवघरात ठेवलंय. झळाळी तीच आली. तीच गं, जी मी लोकांना दाखवायचो.

रविवारी सकाळी आम्ही निघतो. गाडीत आज्जी पुढं बसणार म्हणते, म्हणजे आजऱ्यापर्यंत गाडी तीच चालवणार. तुझ्या आईनं इतकी बोचकी बांधलीत की टायर बसतील. गुंडूही येतोय, नवा शर्ट घालून, मामा म्हणून नाही, पण कोपऱ्यात बसतो म्हणतो. त्याला एकदा खीर वाढा आणि गप्प करा. लसूण-कांदा बाजूला ठेवून आज्जीसाठी थोडं वेगळं करा, आणि सूर्य मावळायच्या आत तिला जेवू घाला, नाहीतर ती उपाशी राहील आणि परतीच्या वाटेत मला खाईल.

खीर घनसाळ तांदळाची कर, तुझ्या गावाचाच तांदूळ आहे, वास चांगला येतो. काजू तुकडाच घाल.

पृथ्वीराजना सांग, पाट रिकामा ठेवायची नाटकं नकोत. मी येतोय. आणि मी आल्यावर मला त्यांना नीट बघायचंय, मी अजून बघितलेलं नाही. त्यांनीही मला बघून घ्यावं, जुना माल आहे, ओरखडे पुष्कळ आहेत, नंबर लागायचा नाही.

फोटो काढणाऱ्याला सांग, नाण्याचे काढायचे ते काढ. मला मात्र "इकडं बघा" म्हणून हाका मारू नकोस. मी तेजस्वीच्या तोंडाकडं बघत असेन. नाव ऐकू आलं होतं मला, पहिल्यांदाच.

निळी डबी घरीच ठेवून येतोय,
तुझा आण्णा